भानूमावशीची चार झाडं

भानूमावशीच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं होतं. बाकी नऊ बोटांची नखं अगदी बारीक कापलेली, आणि हे एक मात्र लांब, जाड, चिकूच्या चिकाने कायमचं तपकिरी झालेलं. हौसेने नख वाढवणाऱ्या बायकांतली ती नव्हे. कानात साध्या कुड्या, अंगावर काठाचं जुनेर, पायात काही नाही. नख होतं ते कामासाठी. आमच्या डहाणूकडे चिकू झाडावरून उतरवण्याआधी त्याला नख लावून बघतात. वरची तपकिरी साल जराशी खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर फळ कच्चं, पिवळसर दिसलं तर तयार. हिरवा तोडलेला चिकू पेंढ्यात ठेवा नाहीतर देवासमोर ठेवा, तो धड पिकत नाही. आत चीक राहतो आणि दातांना रबर चावल्यासारखा लागतो.

पण मावशीचं नख चिकूवर थांबत नसे. नव्या रंगाच्या दाराला ती नख लावून बघे. भांडीवाल्याच्या कल्हईला लावे. एकदा बोर्डीच्या एका लग्नात नवऱ्या मुलाच्या बोटातली अंगठी तिने "बघू रे, कसली घडण आहे" म्हणत हातात घेतली आणि सगळ्यांच्या देखत तिलाही नख लावलं! वरपक्ष लालबुंद. मावशी शांतपणे म्हणाली, "रागावता कशाला? सोनं आहे तर नखाला काय भ्यायचं?" अंगठी सोन्याचीच निघाली, म्हणून बरं.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने मलाच नख लावलं. तलासरीच्या शाळेत मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. लग्न झालं होतं आणि बायकोचं, शालिनीचं, माहेर डहाणूला, मावशीच्या वाडीला लागून. सासुरवाडीला गेलो की सकाळी मोकळ्या हवेला म्हणून वाडीतून फिरायचो. नवा कोट होता, कडक इस्त्रीचा. मावशी झाडाखाली उपड्या टोपलीवर बसली होती. मला जवळ बोलावलं, कोटाची बाही दोन बोटांत धरली, नख फिरवलं आणि म्हणाली, "कापड बरं आहे. आतला माणूस बघू हळूहळू. बस नी, मास्तर." आणि माझ्यासाठी दुसरी टोपली उपडी केली. त्या दिवसापासून मी तिचा झालो, दुसरा शब्द नाही.

मावशीची स्वतःची वाडी लहानच, नवऱ्याच्या मागे राहिलेली. पण आजूबाजूच्या वाड्यांतल्या उभ्या बहराचा मक्ता ती घेई. म्हणजे झाडं मालकाची, त्यावरचं फळ मावशीचं. फळ राखायचं, उतरवायचं, निवडायचं, पेंढा घालून टोपल्या भरायच्या, तोंडाला गोणपाट शिवायचं आणि स्टेशनावरून मुंबईला, अमदावादला रवाना करायचं. त्या काळात बाईमाणसाने मक्ता घ्यायचा म्हणजे लोक तोंडात बोटं घालायचे. मावशीचं मराठी किनाऱ्याचं, मध्ये मध्ये गुजराती मिसळलेलं. सुरतेच्या व्यापाऱ्याशी बोलताना ते पूर्ण गुजराती होई आणि पाड्यावरच्या तोडणाऱ्या बायकांशी बोलताना पूर्ण त्यांचं. दोन राज्यं वेगळी झाली, तलासरीच्या पुढे हद्दीची पाटी लागली, तेव्हा आम्ही मास्तरमंडळी तावातावाने चर्चा करायचो. मावशी म्हणाली, "माझ्या झाडाला कोण सांगणार, तू आता महाराष्ट्रात आहेस म्हणून? त्याची मुळं कधीच पलीकडे गेली असतील." आणि हसली. हसली की तिचे डोळे पार मिटायचे.

आता मूळ गोष्ट सांगतो. मावशीचा धंदा चाललेला बघून पुष्कळ लोक तिच्याकडे यायचे. कुणाला पिठाची गिरणी टाकायची असे, कुणाला सोडावॉटरचं दुकान, कुणाला गवताच्या गाड्या भरायच्या असत. सगळ्यांचा प्रश्न एकच. "मावशी, मला धंदा जमेल का?" मावशी कधी हो म्हणायची नाही, कधी नाही म्हणायची नाही. म्हणायची, "माणसाला विचारून कळत नाय, भाय. त्याला झाड देऊन कळतं."

आणि खरंच झाड द्यायची. वाडीच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात, विहिरीपलीकडे, चार झाडं होती. तेवढी तिने यासाठीच ठेवली होती. ज्याला धंदा करायचा असेल त्याने एका बहरापुरती ती चार झाडं घ्यायची. राखण तुझी, तोड तुझी, टोपल्या तुझ्या, गिऱ्हाईक तुझं. मिळालं तरी तुझं, बुडालं तरी तुझं. मावशी मध्ये एक शब्द बोलणार नाही. बहर संपला की टोपलीवर बसून काय ते सांगणार. काही लोक आठवड्याभरात पळून जायचे. सोडावॉटरवाला तर झाडावरची एक लाल मुंगी चावताच परत गेला. मावशी म्हणाली, "बरं झालं. मुंगी चावून गेला. माणूस चावला असता तर जास्त दुखलं असतं."

जमनीची गोष्ट यातलीच. जमनी वाडीमागच्या पाड्यावरची, तोडणाऱ्या बायकांतली एक. अंगाने काटकुळी, बोलायला कमी. एके वर्षी तिने स्वतःहून मावशीला म्हटलं, "यंदा ती झाडां माला दे." बाकीच्या बायका फिदीफिदी हसल्या. मावशी हसली नाही. म्हणाली, "घे."

जमनीने पहिली तोड केली, टोपल्या भरल्या आणि कासाच्या बाजाराला घेऊन निघाली. बसच्या टपावर टोपल्या, रस्ता सगळा खडीचा. कासाला उतरवून बघते तर वरच्या थरातले ठीक, खालच्या थराचा पार चिखल. संध्याकाळी ती परत आली तेव्हा मी योगायोगाने वाडीत होतो. मला वाटलं, आता ही मावशीपुढे रडणार. छे! मावशी समोर टोपलीवर बसलेली, तरी तिने मावशीकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ पेंढ्याच्या ढिगापाशी गेली, मूठभर पेंढा उचलला, चुरगाळून बघितला आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पेंढा जुना हाय. दबून गेला. नवा लागंल." आणि नवा पेंढा बघायला चालू पडली. मावशीने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तिने काय पाहिलं ते मला तेव्हा काडीचंही कळलं नाही.

दोन वर्षांत जमनी मावशीची भागीदार झाली.

आणि त्याच सुमारास माझ्या डोक्यात भूत शिरलं.

त्याला कारण तो हमरस्ता. तलासरीवरून जाणारा मुंबई-अमदावाद रस्ता रुंद होत होता, डांबरी होत होता. शाळेच्या खिडकीतून मी ट्रक मोजत बसायचो आणि मुलं पाढे चुकायची. मला वाटायचं, चिकू रेल्वेने का जातो? स्टेशनावर पडून राहतो, उन्हात तापतो. नाक्यावर एखादी वखार टाकली, डहाणूची फळं बैलगाडीने तिथवर आणली आणि तिथून ट्रकने सुरतेला धाडली, तर? मेहुण्याचं मुंबईला दुकान होतं. तो दर दिवाळीला यायचा आणि म्हणायचा, "मास्तर, किती दिवस खडू खाणार?" ते मनात सलत होतंच. नाक्यावरच्या एका शेतकऱ्याची रस्त्याकडेची जागा हेरून ठेवली होती. तो म्हणाला, "होळीपर्यंत थांबतो. पुढे दुसऱ्याला देईन." म्हणजे होळीपर्यंत मला ठरवायचं होतं, शाळेचा राजीनामा द्यायचा की नाही. नोकरी कायम झालेली, आणि शालिनीला पाचवा महिना.

शालिनी म्हणाली, "तुम्हाला करायचं ते करा. फक्त रडायचं कधी ते मला आधी सांगा, म्हणजे तेवढी कामं उरकून घेईन." ही आमची बायको!

मी मावशीकडे गेलो. माझी समजूत अशी, की मला ती झाडंबिडं देणार नाही. मी शिकलेला, हिशेबी, वर शेजारघरचा जावई. मावशीने सगळं ऐकून घेतलं. रस्ता, ट्रक, वखार, सुरत. मग म्हणाली, "डोकं चांगलं चाललंय. रस्त्याचं तू म्हणतोस ते खरं आहे, मला सुचलं नव्हतं. आता चार झाडं घे."

"मलासुद्धा?"

"तुला का नाय? तुझं नख वेगळं आहे काय?"

झाडं घेतली. थंडीचे दिवस, फळ मोठं होत होतं. मी शाळा तलासरीला करायचो आणि शनिवारी दुपारी शाळा सुटली की बस धरून डहाणूला यायचो. रविवारी झाडाखाली. खरं सांगतो, ते दिवस मला फार आवडले. पानांत शिरलं की चिकूचा एक गोड, मातकट वास येतो. बांबूच्या टोकाला जाळी बांधून फळ कसं हलकेच ओढायचं ते जमनीने शिकवलं. मी मनातल्या मनात वखारीच्या पाटीवर नावसुद्धा लिहून टाकलं होतं. पाळण्यातलं नाव ठरलं नव्हतं, वखारीचं ठरलं होतं!

संक्रांत उलटली. सुरतेला जाणारा एक ट्रकवाला ठरवला. तो म्हणाला, सोमवारी सकाळी नाक्यावर माल द्या, पोचवतो. त्या रविवारी मी झाडावर चढलो आणि पहिल्याच फळाला नख लावलं. खाली हिरवं.

दुसऱ्याला लावलं. हिरवं. जराशी पिवळी झाक, पण हिरवंच. आठवडाभर थांबायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण पुढच्या सोमवारी शाळेची तपासणी होती आणि आदल्या रविवारी तयारीला गैरहजर राहणं शक्य नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारपर्यंत ट्रकवाला कुठला थांबायला? मी तिसऱ्या फळाला नख लावलं आणि स्वतःला म्हटलं, हे बघ, पिवळं आहे. चौथ्याला नख लावलंच नाही. जमनी खाली उभी होती. तिने एक फळ उचललं, बघितलं आणि परत ठेवलं. झाडं माझी होती, नियम मावशीचा होता, ती बोलली नाही. संध्याकाळपर्यंत टोपल्या भरल्या, नवा पेंढा घातला, गोणपाट शिवलं. मोठ्या ऐटीत बैलगाडीत बसून मी तलासरीला निघालो.

पुढच्या आठवड्यात तोच ट्रक परत आला आणि त्याच टोपल्या नाक्यावर उतरवून गेला. व्यापाऱ्याने ड्रायव्हरबरोबर निरोप धाडला होता, "मास्तरांना सांगा, क्रिकेट खेळायला चेंडू पुरेसे आहेत आमच्याकडे."

निरोप गावभर झाला. कसा कुणास ठाऊक, मावशीच्या कानावर गेला आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी ती बसने तलासरीला हजर. बरोबर जमनी. आम्ही तिघं नाक्यावर गेलो. टोपल्या रस्त्याच्या कडेला धुळीत पडलेल्या. मावशीने एकीचं गोणपाट फाडलं, एक चिकू काढला, नख लावलं, टाकला. दुसरा. तिसरा. मी शेजारी उभा. मला तिच्यापुढे इतकी लाज वाटत होती की काय सांगू! या बाईने विश्वासाने झाडं दिली आणि मी तिचं नाव सुरतेच्या बाजारात घालवलं. तिच्या कपाळावर आठी आहे का, ओठ दाबलेत का, एवढंच मी बघत होतो. तिकडे जमनीने न विचारताच दुसरी टोपली उघडली होती. जरा बरी फळं एकीकडे, दगड दुसरीकडे, असा ढीग तिने लावायलाही घेतला होता.

मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय करायचं आता, मास्तर?"

मी म्हणालो, "तुम्ही सांगाल तसं, मावशी."

"बरं," ती म्हणाली.

बस, एवढंच. जमनीने निवडलेली फळं एका टोपलीत गेली, उरलेली नाक्यामागच्या तबेल्यात म्हशींना. मावशीने माझ्या घरी चहा घेतला, शालिनीच्या पोटावरून हात फिरवला, "मुलगी आहे" म्हणून सांगितलं आणि संध्याकाळच्या बसने निघून गेली. झाल्या प्रकाराबद्दल चकार शब्द नाही.

होळीला चार दिवस राहिले तसा मीच वाडीत गेलो. मावशी झाडाखाली टोपलीवर बसली होती. माझी टोपली तिने आधीच उपडी करून ठेवली होती.

मी सुरुवात केली. "मावशी, चूक माझी आहे. मी रविवार बघितला, फळ बघितलं नाही."

"हो. चिकू रविवार बघून पिकत नाय. पण ते सोड. चूक सगळ्यांची होते. माझी तर दर बहराला होते. मी चूक बघतच नाय, मास्तर. चूक झाल्यावर माणूस कुठं बघतो, ते बघते."

मला समजलं नाही.

"जमनीचे चिकू दबले, तेव्हा ती कुठं बघत होती?"

"पेंढ्याकडे."

"आणि तू त्या दिवशी नाक्यावर कुठं बघत होतास?"

मला आठवत होतं, चांगलं आठवत होतं.

"माझ्या तोंडाकडं," मावशी म्हणाली. "तुझी फळं धुळीत पडली होती आणि तू माझ्या तोंडाकडं बघत होतास. मला वाईट वाटलं का, मी रागावले का, एवढंच. तुला चिकूचं वाईट नाय वाटलं, रे. तुला माझं वाईट वाटलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "मग ते काय वाईट आहे, मावशी?"

"अरे भाय, वाईट कोण म्हणतंय!" ती जवळजवळ ओरडली आणि माझा गुडघा तिने घट्ट धरला. "ते सोनं आहे. पण धंद्यात ते सोनं चालत नाय. व्यापारी तोंड पाडून बसेल आणि तू त्याच्या तोंडाकडं बघून भाव सोडशील. गाडीवान रडेल आणि तू त्याला दुप्पट देशील. वर्षभरात वखार बुडेल, आणि तुला वखारीचं दुःख नसेल. शालूच्या तोंडाकडं बघून बघून मरशील. आणि शाळेत? शाळेत दुसरं काय लागतं? समोर पोरं बसतात, त्यांच्या तोंडाकडं बघायचं. कुणाला कळलं, कुणाला नाय कळलं, कोण उपाशी आलं. झाडाकडं बघणारा मास्तर काय कामाचा?"

मग गुडघा सोडून म्हणाली, "नख मी लावलं. तोडायचं का नाय, ते तू ठरव. माझं ऐकून ठरवलंस तर परत माझ्याच तोंडाकडं बघितल्यासारखं होईल."

मी घरी आलो तो रागातच. दोन दिवस शालिनीशी धड बोललो नाही. अडाणी बाईने आपल्याला नापास करावं, म्हणजे काय! राजीनाम्याचा कागदही लिहून खिशात ठेवला. होळीच्या आदल्या दिवशी वर्गात भागाकार शिकवत होतो. शिकवता शिकवता माझं मलाच लक्षात आलं, की मी फळ्याकडे बघतच नाहीये. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत होती आणि मी तेवढं एकच बघत होतो. ती सुटली. मुलगी हसली. आणि मला इतका आनंद झाला, इतका, की चार झाडांखालच्या सगळ्या रविवारांत मिळून झाला नव्हता.

दुपारी जाऊन जागेच्या मालकाला नाही म्हणून सांगितलं. खिशातला कागद शालिनीने दुसऱ्या रात्री होळीत टाकला. मला विचारलंसुद्धा नाही.

खोटं कशाला सांगू, नंतर त्या जागेवर दुसऱ्या कुणाची वखार झाली आणि चांगली चालली. ट्रक उभे राहायचे, दिवे लागायचे. बसमधून जाताना माझी मान तिकडे वळायचीच. पण पोटात दुखलं नाही. रस्त्याचं मी म्हणालो ते खरं होतं, माणूस मात्र मी नव्हतो. आणि हे मला वखार बुडण्याआधी कळलं, ही मावशीची कृपा. मुलगीच झाली, मावशी म्हणाली होती तशी. तिचं बारसं वाडीत झालं. मावशीने तिच्या गालाला नख लावलं नाही, बोटाच्या पेराने हात लावला. "ही अजून मोहोर आहे," म्हणाली.

पुढे काही वर्षांनी, ऐन थंडीत, जमनीचा निरोप आला. मावशीने अंथरूण धरलंय, मास्तरला बोलाव म्हणते. मी निघालो. मावशी ओटीवर बाजेवर पडली होती. तिथून झाडं दिसतात म्हणून तिने बाज बाहेर काढायला लावली होती. अंग पार वाळलं होतं. उजवा हात गोधडीवर पडलेला, आणि अंगठ्याचं नख तसंच लांब, तपकिरी.

"मास्तर, झाडाकडं बघणारी माणसं माझ्याजवळ पुष्कळ आहेत," ती म्हणाली. "आज तोंडाकडं बघणारा पाहिजे. बस नी."

मी टोपली उपडी करून बाजेशेजारी बसलो. तिने झाडांकडे नजर टाकली. मग म्हणाली, "मला चार झाडं कुणी दिली नाय, रे."

"म्हणजे, मावशी?"

"हे गेले तेव्हा फळ झाडावर होतं. मी तुझ्या शाळेतल्या मोठ्या पोरींएवढी. रडायचं का तोडायचं? सासरा म्हणाला, तोड. तोडलं. तेव्हापासून तोडतेच आहे. भानू, तुला हे जमेल का, तुला हे पाहिजे का, कुणी नाय विचारलं. मला काय पाहिजे होतं ते मलाच ठाऊक नाय. विचार करायला फुरसतच नाय मिळाली. तेवढी एक रुखरुख राहिली. म्हणून ती चार झाडं ठेवली. म्हटलं, दुसऱ्याला तरी तोडण्याआधी कळावं."

इतकी वर्षं मी तिच्याजवळ बसत होतो. सगळ्यांना नख लावणाऱ्या या बाईला स्वतःला कुणी कधी विचारलंच नसेल, हे माझ्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

"मला हिरवीच तोडली, मास्तर," ती म्हणाली. तिचे डोळे माझ्यावर खिळले होते. "हिरवा तोडलेला चिकू पिकत नाय, मीच सांगते ना सगळ्यांना? मग सांग. मी झाले का गोड? का आत चीक राहिला?"

मी घाईने बोलायला गेलो. ती म्हणाली, "पेपर तपासतोस तसं सांग. मार्क वाढवून देऊ नको."

मी तिच्याकडे नीट बघितलं. कपाळावरच्या उभ्या रेघा, उन्हाने करपलेली गालफडं, हसून हसून कोपऱ्यात दुमडलेले डोळे. तोंड वाचणं हा माझा एकट्याचा विषय होता, त्यात मला कुणी नापास केलं नसतं.

"झालात, मावशी," मी म्हणालो. "पार गाभ्यापर्यंत."

ती बघत राहिली. मी खोटं बोलतोय का, ते बघत असावी. मग तिचे डोळे पार मिटले, ती हसायची तेव्हा मिटायचे तसे. "बेस," म्हणाली. "मग भर टोपली."

चौथ्या दिवशी मावशी गेली. मी पोचलो तेव्हा सकाळचं ऊन ओटीवर आलं होतं. आजूबाजूची माणसं जमली होती. तोडणाऱ्या बायका टोपल्या खाली ठेवून अंगणात बसल्या होत्या, आता काम बंद म्हणून. जमनी मावशीच्या पायाशी होती. ती उठली, पदराने डोळे पुसले, पुन्हा भरले तसे पुन्हा पुसले. "फळ तयार हाय," बायकांना म्हणाली. "आज उतरलं नाय तर मावशी रागं भरंल." आणि रडतच जाळीची काठी उचलून ती झाडांकडे चालू लागली. एकेक करून बायका तिच्या मागे गेल्या.

मी गेलो नाही. टोपली उपडी केली आणि मावशीच्या तोंडाकडे बघत बसलो.